संध्याकाळी घरी येणारं गाव

साजिदा लग्न होऊन तुडीलला आली तेव्हा गावात म्हातारे होते, शाळकरी पोरं होती आणि बायका होत्या. कमावत्या वयाचे पुरुष दोहा, कुवेत, मस्कत असे पांगलेले. सावित्री नदीच्या काठाने नवी नवी घरं उठली होती, दारांना रंग होता, गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या, पण संध्याकाळी ओट्यावर बसायला माणूस नव्हता. त्याचं कुणाला काही वाटत नसे. साजिदाचा बाप मस्कतला होता. सासरे अब्बास अर्धं आयुष्य आधी जहाजावर आणि मग दोह्याला काढून आता गावी परतले होते आणि तुडील ते महाड टेम्पो चालवत होते. नवरा मुदस्सर दोह्यातल्या एका गॅरेजमध्ये मिस्त्री होता. तो दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा, नातेवाइकांकडे जेवणं करत हिंडायचा आणि साजिदाला त्याच्या आवडीनिवडी कळू लागायच्या तोवर परत निघायचा. मुलगी तसनीम त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी लांबून बघायची.

सत्त्याण्णव साली मुदस्सरच्या मालकाने जुन्या गाड्यांचा धंदा वाढवला. जपानमधून जुन्या गाड्या उचलायच्या आणि आखातात नेऊन विकायच्या. त्या गाड्यांची इंजिनं तपासायला तिथे, योकोहामाच्या बंदरात, त्याला भरवशाचा माणूस हवा होता. त्याने मुदस्सरला धाडलं. आणि दोह्यात जे कधी जमलं नव्हतं ते तिथे जमत होतं: बायकोमुलीला सोबत नेता येत होतं.

अब्बासना ते पसंत नव्हतं. बायकोपोर गावात असली म्हणजे पुरुषाचं मन गावात राहतं, असं त्यांचं म्हणणं. पण सासूने, हाजराबीने, त्यांना न विचारता साजिदाच्या बॅगेत तांदळाचं पीठ, सुका जवळा आणि कोकमं भरायला घेतली, आणि मग बोलण्यासारखं काही उरलं नाही.

जपान म्हटल्यावर साजिदाच्या डोळ्यांसमोर ढगात गेलेल्या इमारती होत्या. मुदस्सरने तिला नेलं ते झुशी नावाच्या गावात. कागदोपत्री ते शहर होतं, पण महाडहून आलेल्या माणसाला ते आपलंसं वाटावं इतकं लहान. पाठीला झाडीने भरलेले डोंगर, मधून वाहणारी छोटी नदी आणि पुढे कोयत्यासारखा वळलेला किनारा. स्टेशनाबाहेर भाजीची, माशांची, पावाची दुकानं, आणि त्यांच्या मागे इतक्या अरुंद गल्ल्या की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीने उतरावं. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की समुद्रापलीकडे फुजीचा पांढरा डोंगर दिसायचा. साजिदाला तो रायगडापेक्षा उंच वाटला, पण हे तिने तुडीलला फोनवर सांगितलं नाही.

योकोहामात जागा परवडत नव्हती म्हणून मुदस्सरने इथे जुन्या लाकडी घराच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या होत्या. त्या गावातले बहुतेक पुरुष असेच. पहाटे घराघराचे दरवाजे सरकायचे, काळे कोट घातलेली माणसं बाहेर पडायची आणि स्टेशनाकडे चालू लागायची. काही गाड्या झुशीहूनच सुटायच्या, त्यामुळे दहा मिनिटं आधी रांगेत उभं राहिलं की बसायला जागा मिळायची. सात-आठ वाजेपर्यंत गाव रिकामं व्हायचं. मग उरायच्या बायका, म्हातारे आणि एकसारख्या टोप्या घातलेली बालवाडीची पोरं. पहिल्या आठवड्यात साजिदा खिडकीतून हे बघायची आणि तिला वाटायचं, हे तर तुडीलच आहे.

फरक तिला पाच वाजता कळला. गावभर खांबांवर भोंगे होते. पाचाच्या ठोक्याला त्यांतून एक संथ धून वाजायची. पहिल्या दिवशी तिला क्षणभर वाटलं, इथेही अजान होते की काय. खालच्या मजल्यावरच्या मोरिता बाईंनी खाणाखुणा करून सांगितलं की ती धून पोरांसाठी आहे, खेळ थांबवा आणि घरी जा म्हणून. पोरं घरी जायची, घराघरांतून मासे भाजल्याचा वास सुटायचा, आणि अंधार पडता पडता स्टेशनाच्या बाजूने पावलांचे आवाज यायला लागायचे. सकाळी गेलेले सगळे पुरुष परत येत असायचे.

मोरिता बाई साठीच्या पुढच्या, बुटक्या, हसताना तोंडावर हात धरणाऱ्या. त्यांचे यजमान गेली कित्येक वर्षं टोकियोला कचेरीत जात होते. ते निघताना जो शब्द बोलायचे त्याचा अर्थ 'जाऊन येतो' असा होतो, हे मुदस्सरकडून कळल्यावर साजिदाला फार बरं वाटलं. आपल्याकडेही 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. तिने तो शब्द मुदस्सरला रोज म्हणायला लावला. त्याला लाज वाटायची, पण जिन्यावरून उतरताना तो पुटपुटायचा.

दोघांना एका घरात राहण्याची सवय नव्हती, ही गोष्ट त्यांना तिथेच कळली. मुदस्सर चहा बशीत ओतून प्यायचा आणि बशी तिथेच ठेवायचा. साजिदा भांडी घासताना स्वतःशी बोलायची. त्याला कालवणात कोकम जास्त लागायचं, तिला कमी. सात वर्षांच्या संसारात ही भांडणं झालीच नव्हती, ती आता रोज एकेक होऊ लागली आणि दोघांनाही त्यात मजा वाटू लागली. तसनीम महिनाभरात बापाच्या खांद्यावर चढून बसायला लागली. बालवाडीत ती इतकी भराभर जपानी शिकली की बाजारात दुकानदार साजिदाऐवजी तिच्याशीच बोलायचे.

रविवारी ते तिघे किनाऱ्यावर जायचे. एकदा साजिदाने भाकरीत तळलेला बांगडा गुंडाळून नेला होता. पहिला घास तोंडाशी नेते तोच वरून घार झेपावली आणि भाकर, बांगडा सगळं घेऊन गेली. जवळच बसलेल्या एका कुटुंबाने उठून, वाकून वाकून माफी मागितली, जणू घार त्यांचीच होती. मुदस्सर वाळूवर पडून हसला. त्याला इतकं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं. किनाऱ्याच्या एका टोकाला कोळ्यांची जुनी वस्ती होती. तिथे दोऱ्यांवर समुद्रातलं शेवाळ वाळत घातलेलं असायचं, धुतलेल्या कपड्यांसारखं. त्या वासात साजिदाला माहेरच्या सुक्या मासळीच्या बाजाराची आठवण व्हायची आणि ती मुद्दाम तिकडून फेरी मारून यायची.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात वादळ आलं. सकाळी नुसता दमट वारा होता, मुदस्सर नेहमीसारखा निघून गेला. दुपारी भोंग्यांतून काहीतरी सांगू लागले. तसनीमने ऐकून सांगितलं की आगगाड्या बंद झाल्यात. मोरिता बाई वर आल्या, खिडक्यांच्या झडपा लावून दिल्या आणि साजिदाचा हात थोपटून गेल्या.

पाच वाजले, धून वाजली. मग सहा वाजले, आणि वाऱ्याने घर हलू लागलं. साजिदाला घरात बसवेना. वारा जरा पडल्यासारखा वाटला तेव्हा तिने तसनीमला रेनकोट चढवला आणि ती स्टेशनाकडे निघाली. तिथे पोचते तर स्टेशनच्या छपराखाली अर्धं गाव उभं होतं. बायकाच बायका, प्रत्येकीच्या हातात एक भिजलेली छत्री आणि नवऱ्यासाठी एक कोरडी, मिटलेली. मोरिता बाईही त्यांत होत्या. त्यांनी थर्मासमधला गरम चहा ओतून साजिदाच्या हातात दिला. कुणी रडत नव्हतं, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. फलाटाकडून एक कर्मचारी अधूनमधून यायचा, काहीतरी सांगून वाकायचा, आणि बायका पुन्हा रुळांकडे बघत उभ्या राहायच्या.

साजिदा आखाताच्या घरातली बाई. वाट बघायची तिला सवय होती. सद्दामने कुवेत घेतलं तेव्हा तिचा नवरा पलीकडे दोह्यात होता, महिना महिना फोन लागत नव्हता, आणि तरी तिने घरात कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. काय होतंय ते तिलाच कळत नव्हतं.

मुदस्सर गाडीने आलाच नाही. तो रस्त्याने आला. तीन स्टेशनं अलीकडच्या ओफुनापर्यंत गाडीने त्याला आणून सोडलं होतं, तिथून तो डोंगराच्या कडेकडेने चालत निघाला होता. डोक्यापासून पायापर्यंत निथळत तो स्टेशनासमोरून घराकडे वळत होता. तसनीमने त्याला ओळखलं आणि हाक मारली. तो हसत छपराखाली आला. साजिदाने हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"इतका उशीर कसा झाला तुमाला?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा होता की आजूबाजूच्या बायका वळल्या. "मी इतं उभी राहून मेले असते! जेवान निवला, पोर भिजली, आनि तुमी हसत येताव?"

मुदस्सर गोंधळला. त्याने सांगून पाहिलं की वादळ आहे, गाड्या बंद आहेत, इतका पल्ला तो चालत आलाय. ती ऐकेना. तिला बोलता बोलता रडू फुटलं.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "अगो, दोन दोन वर्सां आलो नाय तवा तू कदी बोलली नायस."

"तवा तुमी येनारच नव्हताव," साजिदा म्हणाली. "जो येनार नाय त्याच्यावर कसली रागावू?"

 मुदस्सर तसाच निथळत उभा राहिला. मोरिता बाईंनी तोंडावर हात धरला होता. पुढे कितीतरी वेळाने त्यांचे यजमान आले. बाईंनी वाकून 'या' म्हटलं आणि मिटलेली छत्री त्यांच्या हातात दिली, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या डबाभर रताळी उकडून वर घेऊन आल्या आणि बराच वेळ बोलत बसल्या. तसनीमने त्यातलं एकच वाक्य आईला सांगितलं. मोरिता आजी म्हणतात, मलाही तीस वर्षं असंच ओरडायचं होतं.

नव्व्याण्णवच्या अखेरीला मालकाने योकोहामाचं काम आवरतं घेतलं आणि तिघे तुडीलला परतले. घरात पाहुण्यांची रीघ लागली. बायकांना जपान ऐकायचं होतं. इमारती किती उंच, गाड्या किती पळतात, माणसं खरंच बेडूक खातात का. साजिदाने झुशीचं वर्णन केलं: डोंगर, नदी, समुद्र, अरुंद गल्ल्या, घारी. ऐकून एक नणंद म्हणाली, मग इतक्या लांब जाऊन तू बघितलंस काय, हे सगळं तर इथेही आहे. साजिदा म्हणाली, तिथे पुरुष सकाळी कामाला जातात आणि संध्याकाळी घरी येतात. सगळे, रोज. कुणीतरी हसलं. मग बायका एकेक करून घरी जायला उठल्या.

अब्बासनी मुलासाठी दोह्याला बोलून ठेवलं होतं. जुन्या ओळखीतला मोठा गॅरेजवाला होता, व्हिसाचं काम पुढे गेलं होतं. रमजान ईद झाली की मुदस्सरने निघायचं. मुदस्सर बापासमोर मान हलवायचा आणि खोलीत आला की आढ्याकडे बघत पडायचा. साजिदाला कळत होतं की तो कधीच बोलणार नाही. बापासमोर बोलायची त्याला सवयच नव्हती. तो लहान असताना बाप जहाजावर होता आणि बाप गावी आला तेव्हा हा दोह्याला.

ईदनंतर दोन दिवसांनी दुपारची जेवणं चालू होती. अब्बास तिकिटाचं बोलत होते. साजिदाने भाकरी वाढली आणि ती तिथेच उभी राहिली.

"बाबा, ह्यांना आता पाठवू नका," ती म्हणाली.

अब्बासचा घास हातातच राहिला. घरातल्या सुनेने त्यांच्याशी असं बोलायची ही पहिलीच वेळ. "मंग घरात बसवून काय करशील त्याचा?" त्यांनी विचारलं.

"बसवनार नाय. सकाळी जाऊ दे, संध्याकाळी येऊ दे. महाडला गाड्यांची काय कमी हाय?"

अब्बास ताट सोडून उठले. हाजराबी इतका वेळ खाली मान घालून जेवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पोरगी बोलली ता मी बोलायला पायजे होता. तुमी जात होताव तवा मना सुचला नाय." मुदस्सरने पहिल्यांदा बापाकडे सरळ बघितलं आणि सांगितलं की तो जाणार नाही.

अब्बास कित्येक महिने सुनेशी बोलले नाहीत. मुलाशी बोलले ते कामापुरतं. मुदस्सरने महाडला हायवेच्या कडेला पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली आणि गॅरेज टाकलं. सकाळच्या एसटीने तो जायचा. एसटीत कॉलेजची पोरं, भाजीवाल्या आणि तो. गावातले म्हातारे मशिदीच्या पायरीवरून बघायचे. त्याला जपानी मिस्त्री नाव पडलं. सुट्टीवर आलेले दोस्त विचारायचे, काय रे, व्हिसा रद्द झाला का? पहिले काही महिने शेडमध्ये माश्या मारायचीच वेळ होती. चाकांचं पंक्चर काढ, एखादी लुना दुरुस्त कर, असं चाललं होतं. संध्याकाळी तो शेवटच्या गाडीने यायचा तेव्हा साजिदा त्याचा चेहरा बघून अंदाज घ्यायची आणि काही विचारायची नाही. कालवणात कोकम जास्त घालायची.

मग हळूहळू काम वाढलं. रायगडाच्या पायथ्याला, पाचाडला पर्यटक नेणाऱ्या जीपवाल्यांना तो परवडला. पोलादपूरच्या घाटात तापून बंद पडलेल्या गाड्या त्याच्याकडे ओढून येऊ लागल्या. त्याच सुमाराला जपानी कंपनीच्या क्वालिस गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांच्या इंजिनांशी योकोहामाला त्याचा रोजचा संबंध आलेला होता. टूरवाले लांबून येऊ लागले आणि त्याने हाताखाली दोन माणसं ठेवली.

अब्बासचा राग कसा गेला ते कुणालाच नीट सांगता येणार नाही. एके सकाळी मुदस्सर निघताना ते ओटीवरूनच म्हणाले की येताना महाडहून माझ्या चष्म्याची काडी बसवून आण. त्याने आणली. दोन दिवसांनी त्यांना अमुक एका दुकानातली खारी हवी होती. मग घड्याळात सेल घालायचा होता. पोराला सकाळी काही सांगावं आणि संध्याकाळी त्याने ते आणून हातात द्यावं, हे त्यांना नवीन होतं, आणि त्यांना त्याची गोडी लागली. आणलेली वस्तू घ्यायला ते एसटीच्या वेळेला ओटीवर येऊन बसायचे. वस्तू हातात आल्यावर विचारायचे, आज कुठली गाडी आली होती? मुदस्सर सांगायचा. अब्बास जहाजाच्या इंजिनांच्या गोष्टी सांगू लागायचे. त्या मुदस्सरने कधीच ऐकल्या नव्हत्या. हाजराबी आतून जेवायला हाका मारून दमायची.

त्या दुपारनंतर साजिदाशी ते पहिल्यांदा बोलले ते भाताविषयी. भात आज मऊ झालाय म्हणाले. तिने ते कौतुकासारखं घेतलं.

दोन हजार दोनच्या जानेवारीत साजिदाला मुलगा झाला. महाडच्या दवाखान्यात, भर दुपारी. मुदस्सर हाताला ग्रीस लागलेला तसाच धावत आला आणि नर्सने त्याला आधी साबणाकडे पाठवलं. मुलाचं नाव फुरकान ठेवलं. घरी आणल्यावर साजिदाला आंघोळीला जायचं होतं म्हणून तिने बाळ नवऱ्याच्या हातात दिलं आणि ती आत गेली. बाळ रडायला लागलं. मुदस्सर त्याला गाडीचा सुटा भाग धरावा तसा दोन्ही हातांनी लांब धरून उभा राहिला.

"असा नाय रे," अब्बास म्हणाले आणि त्यांनी बाळ घेतलं. त्यांनाही येईना. बाळाची मान लटकली, रडणं वाढलं. तीन पोरांचे ते बाप होते, पण तिन्ही पोरं त्यांनी पहिल्यांदा बघितली ती चालायला लागल्यावर.

हाजराबी सुपातले तांदूळ बाजूला ठेवून उठली. तिने दोघांना ओटीवर शेजारी शेजारी बसवलं, बाळाची मान कोपरावर कशी टेकवायची, दुसरा हात पाठीखाली कसा घालायचा ते दाखवलं, आणि मग एकदा मुलाच्या मांडीवर, एकदा नवऱ्याच्या मांडीवर असा सराव करून घेतला. तसनीम कठड्यावर बसून कोण चुकतंय ते सांगत होती. साजिदा केस पुसत बाहेर आली तेव्हा फुरकान अब्बासच्या कोपरावर झोपला होता आणि ते हलायला तयार नव्हते. चहा आणला तरी त्यांनी मानेनेच नको म्हटलं. शेवटी मुदस्सरने बशीत ओतून तो त्यांच्या ओठांना लावला.